डाव्या बाजूच्या एकतीस जागा

पन्नाशी उलटली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. नगरपालिकेच्या रस्ते विभागात मात्र ती नियोजनाचं काम बघायची, आणि गेली चार वर्षं एकाच रस्त्याच्या मागे हात धुऊन लागली होती.

बाजार आणि इस्पितळ यांना जोडणारा तो रस्ता जेमतेम सहाशे मीटरचा. दोन्ही कडांना गाड्या उभ्या, मधून गाड्या रखडत चाललेल्या, आणि माणसं हातभर रुंदीच्या फूटपाथवरून एकामागे एक, अंग चोरत. बसला वळायला जागाच नाही, म्हणून ती बाजारातूनच माघारी फिरायची आणि आजारी माणसं उरलेला रस्ता तुडवायची. धाकटीचा आराखडा साधा होता. डाव्या बाजूच्या एकतीस गाड्यांच्या जागा काढायच्या, फूटपाथ रुंद करायचा, बस इस्पितळाच्या दारात न्यायची. गाड्यांसाठी बाजारामागे मोठं वाहनतळ होतंच. ते कायम निम्मं रिकामं असे, कारण तिथून तीनशे मीटर चालावं लागे.

चार वर्षांत या आराखड्याला कोणी वाईट म्हटलं नव्हतं, आणि खरी डोकेदुखी तीच होती. चष्मेवाला म्हणाला, कल्पना उत्तम, फक्त माझ्या दुकानासमोर नको. फुलवालीचंही तेच. पहिल्या साहेबांनी निवडणूक होऊ दे म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी गटाराचं काम होऊ दे म्हणून. गटारवाल्यांनी रस्ता खणला, बुजवला, आणि काहीतरी आत राहिलं म्हणून पुन्हा खणला. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरून इतकी जाड झाली की तिला दोरी बांधावी लागली.

त्यातून विरोध करणाऱ्यांचा पुढारी कोण, तर तिचा सख्खा मोठा भाऊ. दादा दातांचा डॉक्टर. त्याचा दवाखाना त्याच रस्त्यावर, डाव्याच बाजूला. त्याने अर्ज लिहिला, त्यावर साठ सह्या गोळा केल्या, आणि माझे पेशंट गाडीने येतात, जागा गेली तर दवाखान्याला कुलूप लावावं लागेल, असं जो भेटेल त्याला सांगत सुटला.

धाकटी त्याच्याशी वाद घालत बसली नाही. हातात कागद-पेन घेऊन दोन दिवस त्या फूटपाथवर उभी राहिली. दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तिने विचारलं, कसे आलात? दहातले सात चालत किंवा बसने आलेले निघाले. मग तिने गाड्यांचे नंबर टिपले. एकतीसपैकी एकोणीस गाड्या सकाळी नऊला येऊन संध्याकाळी आठपर्यंत हलतच नव्हत्या. त्या तिथे दुकान-दवाखाना चालवणाऱ्यांच्याच होत्या. त्यातल्या दोन दादाच्या घरच्या, एक त्याची आणि एक वहिनीची.

तो कागद तिने दादापुढे ठेवला. त्याने चष्मा वर करून वाचला, पुन्हा वाचला, आणि परत दिला.

"या आठवड्यात लोक चालत आले असतील," तो म्हणाला. "त्याला मी काय करू?"

"आणि तुमच्या दोन गाड्या?"

"त्या मोजायच्या नसतात. आम्ही इथेच असतो."

धाकटीने कपाळाला हात लावला आणि कागद पिशवीत टाकला.

सुनावणी एका मंगळवारी, नगरपालिकेच्या सभागृहात झाली. दीड तास लोक बोलले. धाकटीने आकडे सांगितले, ते कोणाच्या कानात शिरले नाहीत. मग दादाने शेवटचा साक्षीदार म्हणून आईला उभं केलं. आई दादाकडेच राहायची. वर्षापूर्वी तिचा गुडघा बदलला होता आणि आठवड्यातून तीनदा ती दवाखान्याच्या शेजारच्या व्यायामकेंद्रात जायची. दादा तिला गाडीने दारात सोडायचा आणि आत गेल्यावर ती यंत्राच्या पट्ट्यावर वीस मिनिटं चालायची. यातली गंमत धाकटीने अनेकदा बोलून दाखवली होती. कोणी हसलं नव्हतं.

आईने काठी खुर्चीला टेकवली. "माझा मुलगा मला दारात उतरवतो," ती सावकाश म्हणाली. "ते बंद करू नका. माझी मुलगी हुशार आहे, पण तिचे गुडघे अजून तिचेच आहेत."

सभागृह हसलं. धाकटीची कानशिलं तापली. चार वर्षांत साहेब झाले, दुकानदार झाले, आता जन्मदातीही उलटली. बाहेर व्हरांड्यात तिने आईला गाठलं. आराखड्याच्या चौदाव्या पानावर दवाखान्यासमोर माणसं उतरवायला खास एक जागा ठेवली होती. ते पान आईला निदान तीनदा वाचून दाखवलं होतं, हे तिने शक्य तितक्या शांतपणे सांगितलं.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"मग?"

आईने काठी दुसऱ्या हातात घेतली. "घरी तो फोनवर असतो. दवाखान्यात लोकांच्या दातांत. गाडीत पंधरा मिनिटं तो माझ्याशी बोलतो. पुढे गर्दी अडली ना, की मला बरं वाटतं. तुझा रस्ता मोकळा झाला तर तो मला पाच मिनिटांत उतरवून जाईल."

चार वर्षांच्या पाहणीत धाकटीने लोकांना नाना प्रश्न विचारले होते. गर्दी कोणाला हवी आहे का, हा त्यांत नव्हता. तिला आईची कीव आली, आणि त्याहून जास्त दादाचा राग.

समितीने नेहमीप्रमाणे धड हो म्हटलं नाही आणि धड नाही म्हटलं नाही. तीन महिने प्रयोग करून बघा, असा निर्णय झाला. रंगाचे पट्टे मारले गेले, मोठमोठ्या कुंड्या आल्या, गाड्या हटल्या. आणि ठेकेदाराच्या माणसांनी सहा कुंड्या नेमक्या उतरवायच्या जागेवर नेऊन ठेवल्या. धाकटीने फोन केला तर त्यांनी पत्र मागितलं. पत्र दिलं तर त्यावर उद्यान विभागाची सही हवी, कारण कुंडीत झाड होतं.

दोन आठवडे दादाला वाहनतळावर गाडी लावून आईला हाताला धरून तीनशे मीटर चालवत न्यावं लागलं. तो दर वेळी धाकटीला फोन करून झापायचा. आईला पंचवीस मिनिटं लागतात. ती चष्मेवाल्याशी बोलत थांबते. फुलवालीच्या सुनेला कितवा महिना आहे हे तिला ठाऊक असतं, आणि आता मलाही. काल तिने मला माझ्या लहानपणीच्या एका मारामारीची गोष्ट सांगितली, तीही मी हरलो होतो ती. धाकटी निमूट ऐकून घेत होती. चूक आपल्या खात्याचीच होती.

अखेर उद्यान विभागाची सही मिळाली. कुंड्या उद्या हलतील, हे सांगायला तिने आईला फोन केला.

"हलव," आई म्हणाली. "ज्यांना पाय टाकवत नाही त्यांना लागेल ती जागा. पण दादाला सांगू नकोस."

"आई, त्याला ती दिसेलच. मोठा पांढरा पट्टा आहे."

"दिसू दे. मी उतरणार नाही तिथे."

आणि ती खरंच उतरली नाही. दादा म्हणे पहिल्या दिवशी जागेपाशी गाडी थांबवून दार उघडून उभा राहिला, आणि आई सीटबेल्ट न सोडता समोर बघत बसली. मागून बसने हॉर्न वाजवला तेव्हा तो निमूटपणे वाहनतळाकडे वळला.

त्यानंतरच्या सोमवारी दादा धाकटीच्या कार्यालयात आला. चार वर्षांत पहिल्यांदाच. त्याने टेबलावर एक अर्ज ठेवला. वाहनतळ ते दवाखाना या वाटेत मध्ये कुठेही बसायला सोय नाही, वयस्कर माणसांचे हाल होतात, नगरपालिका झोपली आहे काय, असा त्याचा सूर होता. फुलवालीच्या दुकानाशेजारी एक बाक हवा होता, पाठ टेकता येईल असा.

धाकटीने अर्ज दोनदा वाचला. खाली बारा सह्या होत्या, चष्मेवाल्याचीही.

"दादा, रस्त्याला तुझा विरोध आहे ना?"

"आहेच. तो वेगळा विषय. बाक कधी बसेल?"

तिने त्याला सांगितलं. रस्ते विभाग, उद्यान विभाग, पोलीस आणि शेजारच्या दुकानदाराची लेखी संमती. सगळं सुरळीत झालं तर पाच-सहा महिने.

"एका बाकासाठी?" दादा खुर्चीतून अर्धा उठला. "अगं, ही काय पद्धत झाली? तुम्ही लोक दिवसभर इथे करता तरी काय?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. बोलायला पुष्कळ होतं, पण मागे आणखी तिघे उभे होते. तिने अर्जावर आवक शिक्का मारला आणि त्याला पोच दिली.

"उद्यान विभाग दुसऱ्या मजल्यावर," ती म्हणाली. "साहेब चारनंतर भेटतात. भेटले तर."

तो जिना चढून गेला. पोच मात्र त्याने नीट घडी घालून खिशात ठेवली होती.