गुलाबाची पेंड

माझं काम जनावर धरायचं. सुई डॉक्टर मारणार, मी नुसतं धरणार. कोल्हापुरात एका खाजगी जनावरांच्या दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं हेच केलं, आणि कुत्र्यांपेक्षा मला माणसांनीच जास्त ताप दिला. कुत्रं बिचारं दुखतंय म्हणून चावतं. माणूस आधी खोटं सांगतो, मग अर्धं सांगतो, आणि जनावर शेवटाला टेकलं की रडत रडत खरं सांगतो. म्हणून आमच्या डॉक्टरांनी, शशिधर हिरेमठांनी, एक शिस्त लावलेली. पेशंट आत यायच्या आधी बाहेर बाकड्यावर मी विचारायचं. काय खाल्लं, कधी खाल्लं, बागेत औषध मारलंय काय. आणि जे ऐकलं ते सगळं आत येऊन सांगायचं, स्वतःचं डोकं न चालवता.

नव्व्याण्णव साली दसरा होऊन चार दिवस झालते, तेव्हा रुद्राप्पाण्णा त्यांचं कुत्रं घेऊन आले. आण्णा मूळचे गडहिंग्लजचे. जन्मभर मिरचीचा व्यापार केला, मग दुकान भाच्याला देऊन उचगावच्या अंगाला एका कॉलनीत लहानसं घर बांधून राहिले. मूलबाळ न्हाय. बायको शांतादेवी दोन वर्षांमागं वारली. आता घरात कुत्रं आणि दारात गुलाब, एवढाच संसार. कुत्र्याचं नाव करिया, म्हणजे कानडीत काळ्या. आण्णा सगळ्या जगाशी मराठीत बोलायचे आणि करियाशी कानडीत. "ती गेली, आता घरात कानडी कळणारं हे एकच उरलंय," असं स्वतःच सांगायचे.

संगट त्यांची शेजारीण, त्रिशलाक्का. जैनांची बाई, साठीच्या पुढची, आवाज असा की रिक्षा चौकात असतानाच मला कळलं कोण आलंय. दिवस मावळल्यावर जेवण न्हाय, पाणी गाळल्याशिवाय पीत न्हाय. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणार. त्यांच्याबी दारात गुलाब हुते, पण किड्यांनी चाळण केलेले. त्याचाच त्यांना अभिमान. बागेत औषधाचं नावसुद्धा काढायचं न्हाय.

"मी सांगत हुते!" बाकड्यावर बसायच्या आधीच अक्कांनी सुरू केलं. "औषध मारू नका, औषध मारू नका. कितीदा सांगायचं या माणसाला? बघा आता लेकराचं काय झालं!"

करिया आण्णांच्या मांडीवर हुता. सकाळपासून उलट्या, त्यात परसाकडला रक्त. आण्णांचं धोतर सगळं खराब झालतं.

"दसऱ्यानंतर छाटणी केली आणि काल औषध मारलं," आण्णा म्हणाले. "बांधून ठेवलतं मी याला. पण कधी सुटलं कुणास ठाऊक. माझंच चुकलं, कृष्णात. काय वाट्टेल ते करा, पण याला जगवा."

बघा, पहिल्या झटक्याला कबूल करणारा माणूस. असा मला वर्षातनं एक भेटत नसे. मी खूश झालो आणि तिथंच फसलो.

"बरं, खाल्लं काय?" मी विचारलं.

"ताक-भाकरी. दुसरं काय खातंय ते?"

"दुसरं काय खातंय म्हणं!" अक्का मधे पडल्या. "काल दुपारी माझ्या गुलाबाच्या बुडात खत म्हणून घातलेली पेंड उकरून खाल्ली की चांगली पसाभर. मी म्हटलं, खाऊ दे. पेंडच हाय."

आता तुम्हीच सांगा, कोल्हापुरात पेंड म्हटल्यावर कुणाच्या पोटात गोळा येईल? पेंड म्हणजे म्हशीचं खाणं. सरकीची, भुईशेंगेची. सकाळी पेंड चारायची, संध्याकाळी दुधाची कासंडी भरायची. लहानपणी आम्ही म्हशीच्या पुढनं शेंगपेंडीचा खडा उचलून तोंडात टाकायचो, वर गुळाचा तुकडा असला तर चैनच.

"मग आता दोन लिटर दूध देणार की हे," मी म्हटलं. अक्का हसल्या. आण्णासुद्धा तेवढ्यात कसंनुसं हसले. मी आत गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं, गुलाबावर औषध मारलंय, खाणं ताक-भाकरी.

"आणखी काय?"

"काय न्हाय."

डॉक्टरांनी फवारणीच्या औषधावरची सुई टोचली, सलाईन लावलं. पण त्यांचं मन घेईना. "फवारणीचं विष म्हणावं तर लाळ गळत नाही, बाहुल्या बारीक नाहीत, अंगाला थरथर नाही," ते दोनदा म्हणाले. "काहीतरी जुळत नाही, कृष्णात." मी मान हलवली. मालक स्वतः सांगतोय औषध मारलं म्हणून, मग आणखी काय जुळवायचं, असं माझं डोकं चाललं. चालवायचं नसलेलं डोकं.

दोन दिवस आण्णा दवाखाना उघडताना यायचे आणि बंद होताना जायचे. पिंजऱ्याशेजारी स्टुलावर बसून करियाच्या कानात बोलायचे. "एळो मगा, एळो." मला कानडी येत न्हाय, पण ऊठ बाळा, एवढं कुणालाबी कळलं असतं. अक्का दोन्ही वेळा डबा घेऊन यायच्या. आण्णांना जेवायला लावायच्या, जेवताना शिव्या घालायच्या, मग पिंजऱ्यापुढं हात जोडून णमोकार मंत्र म्हणायच्या. कुत्र्याचा जीव वाचावा म्हणून त्यांनी गोड सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा धुताना मला घाणीत काळपट, चकचकीत टरफलाचे कण दिसले. मी चिमटीत धरून उजेडात बघितले. शेंगपेंडीत असलं टरफल नसतंय. आमच्या गावात एकदा एरंडीची पेंड चुकून दावणीत गेली हुती आणि दोन म्हशी आडव्या झाल्या हुत्या. हे मला माहीत हुतं. माहीत असून पेंड हा शब्द ऐकल्यावर मला म्हैसच दिसली.

सायकल काढली आणि उचगाव गाठलं. अक्कांच्या पडवीत पोतं उभं हुतं. वर ठळक अक्षरात छापलेलं, एरंडी पेंड.

"का रे, काय बघतोस?" अक्कांनी विचारलं.

"काय न्हाय, सहज."

"ने की थोडी. एकदम शुद्ध हाय. हाडाचा चुरा न्हाय, औषध न्हाय, काय न्हाय."

मी परत येऊन डॉक्टरांपुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

"एरंडीचं विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं," डॉक्टर म्हणाले. "त्याला उतारा नाही. पण पहिल्या दिवशी कळलं असतं तर कोळशाची पूड पाजली असती, निदान पोटात उरलेलं तरी अडवलं असतं. वाचलं असतं असं म्हणत नाही मी. पण हे परवा सांगायचं होतंस."

दुपारी एकच्या सुमाराला करिया गेला. आण्णांनी त्याचा कान हातात धरलेला, तो कितीतरी वेळ सोडला न्हाय. मग पंचा अंथरला, त्याला गुंडाळलं, आणि रिक्षा बोलवा म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

"उद्या जा आणि खरं काय ते सांग," डॉक्टर म्हणाले. "म्हातारा उगाच स्वतःला बोल लावत बसेल."

दुसऱ्या दिवशी गेलो तर आण्णा कुदळ घेऊन गुलाब उपटत हुते. दरवर्षी फुलांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी झाडं मुळासकट आडवी पडलेली. औषधाच्या बाटल्या कोपऱ्यात. मी सगळं सांगितलं. पेंड कसली हुती ते सांगितलं, आणि अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं मी कसं हसण्यावारी नेलं तेबी सांगितलं. थोबाडीत बसंल म्हणून गाल तयार ठेवला.

आण्णा कुदळीवर रेलून उभे राहिले. भिंतीपलीकडं अक्कांचा बादलीचा आवाज येत हुता.

"तिला सांगितलंस?"

"न्हाय. आता सांगतो."

"सांगायचं न्हाय."

"आण्णा, तुमच्या औषधाचा काय संबंध न्हाय यात. तुम्ही उगंच..."

"गप्प बस. ती बाई पाखरं जळतील म्हणून पावसाळ्यात दारातला दिवा लावत न्हाय. तिला जाऊन सांगतोस व्हय, तुझ्या पेंडीनं मेलं म्हणून? करिया परत येणार हाय काय त्यानं?"

मी म्हटलं, आणि माझं? माझ्या चुकीचं काय?

"तुझं तू बघ," आण्णा म्हणाले.

तेवढ्यात अक्का चहाचा कप घेऊन भिंतीशी आल्या. उपटलेली झाडं बघून त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "जाऊ दे, आण्णा. तुम्ही मुद्दाम केलं न्हाय. माझ्या मनात काय न्हाय."

"चुकलं माझं, अक्का."

"व्हय, चुकलं. पण आता कळलं न्हवं?"

"कळलं. अक्का, ती तुमची पेंड उरलीय काय? सगळी मला द्या. आणि हितनं पुढं तुमची पेंड मीच आणत जाईन."

अक्कांना आनंद झाला. औषधवाला माणूस पेंडीवर आला म्हणजे त्यांचाच विजय. पोतं त्यांनी स्वतः ओढत आणलं. आण्णांनी ते मला दिलं आणि लांब नेऊन खोल पुरायला लावलं. पुढं दरवर्षी ते त्यांना निंबोळीची पेंड आणून द्यायचे. कडू, कुत्रं तोंड लावत न्हाय. अक्कांना फरक कळला न्हाय.

महिनाभरानं दवाखान्यात कुणीतरी काळं पिल्लू सोडून गेलं. मी ते पिशवीत घालून आण्णांकडं नेलं. पिशवी उघडल्याबरोबर आण्णांनी त्याला उचललं, छातीशी धरलं आणि कानात काहीतरी बोलले. कानडीत. महिन्यानं पहिल्यांदा. पिल्लानं त्यांच्या हनुवटीला जीभ लावली.

"आण्णा!" भिंतीवरनं अक्का ओरडल्या. "परत? एकाचा जीव घेऊन भागलं न्हाय? तुमच्या हाताला जनावर लाभत न्हाय, किती वेळा सांगू? द्या ते त्याला परत!"

मी आण्णांकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. अक्कांनाबी खरं सोसलं असतं, असं मला आजबी वाटतं. माझं तोंड उघडायला लागलं, तसं आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की ते मिटलं.

"खरं हाय अक्कांचं," ते म्हणाले आणि पिल्लू पिशवीत ठेवलं. "ने बाबा. दुसरं घर बघ."

पिल्लू पिशवीत कुंई कुंई करत हुतं. मी सायकलला टांग मारली आणि निघालो.