सांबशिवराजूची बोलती बंद

दिल्लीच्या हाटात आंध्राच्या जेवणाचाही गाळा होता, पण तिथली आमटी चाखून सांबशिवराजूने पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं होतं. "ही काय आजाऱ्याची पेज आहे का? दिल्लीवाल्यांना भिऊन मिरची पेटीत घालून ठेवलीय यांनी!"

आंध्रातल्या आपल्या गावची, कोंडापल्लीची लाकडी खेळणी घेऊन तो दर हिवाळ्यात हाटाला यायचा. सोबत बायको, मंगतायारू. तो पुढे उभा राहून बोलायचा आणि ती मागे पत्र्याच्या पेटीवर बसून विकलेलं खेळणं कागदात गुंडाळायची. बोलण्याचं खातं सगळं त्याच्याकडे. गिऱ्हाईक आलं की लाकूड कुठल्या डोंगरातलं, इथपासून तो सुरुवात करायचा, आणि रंगापर्यंत पोचेतो गिऱ्हाईक शेजारच्या लखनौवाल्याचे कुडते चाचपायला लागलेलं असायचं.

दुपारी दोघं खोलीवरून आणलेला दहीभात खायची. त्या दिवशी मात्र थंडीने दही लागलंच नाही. म्हणून राजू समोरच्या नागालँडच्या गाळ्यावर गेला. तिथल्या इमकोंगलाने वाफाळता भात, उकडलेली पालेभाजी आणि सुक्या मासळीचं कालवण वाढलं.

"चटणी देऊ? पण जपून हं दादा, राजा मिरचीची आहे, आमच्याकडची सगळ्यात जहाल."

राजूने मिशीवरून बोट फिरवलं. "बाई, गुंटूर आमच्या नदीच्या पल्याड. मिरचीचा खकाणा नाकात घेऊनच मोठे झालोय आम्ही."

"असाल. तरी नखाएवढीच घ्या."

"नखाएवढी या दिल्लीवाल्यांना वाढ!" म्हणत त्याने चमचाभर चटणी भातात कालवली आणि मोठा घास घेतला. आजूबाजूचे चारचौघे बघत होते. त्याने त्यांच्याकडे विजयी नजर टाकली. "हात्तिच्या! यात काय आहे? आमच्याकडे तर तान्ह्या..."

तान्ह्या बाळाचं काय ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. राजूचे कान आधी लाल झाले, मग डोळे. नाकातोंडातून धार लागली. ब्रह्मांड आठवणं म्हणजे काय ते त्याला त्या थंडगार दुपारी घामाने निथळताना समजलं.

"सांगत होते मी!" इमकोंगला त्याला दंडाला धरून त्याच्या गाळ्यावर घेऊन आली. लखनौवाला धावत जाऊन बंगालच्या गाळ्यावरून मडक्यातलं गोड दही घेऊन आला. मंगतायारूने नवऱ्याला आपल्या पेटीवर बसवलं, हातात मडकं दिलं. आता तिला बसायला जागा उरली नाही, म्हणून ती पुढे जाऊन उभी राहिली.

आणि नेमक्या तेव्हाच एक चष्मेवाली बाई सासूला घेऊन आली. ताडाच्या झाडावर चढणारा ताडीवाला तिने उचलला. "हे काय आहे हो?"

मंगतायारूने मागे पाहिलं. नवऱ्याने तोंड उघडलं, पण जीभ वळेना. नुसतं "हा... हा..." झालं.

"हा ना," ती चाचरत, मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "हा सकाळी वर चढला. उतरायला तयार नाही."

"का बरं?"

मंगतायारूने शेजारची डोक्यावर घागर घेतलेली बाहुली पुढे सरकवली. "खाली ही उभी आहे ना. बायको."

सासू खो खो हसली. "अगं, दोघांनाही घे. जोडी फोडू नकोस!"

मंगतायारूला ते हसू चढलंच म्हणायचं. पुढच्या गिऱ्हाइकाला तिने सांगितलं की हा बैल आळशी आहे, गाडीवान बिचारा गातो म्हणून तो चालतो. हत्तीवरचा राजा सासुरवाडीला निघालाय, म्हणून एवढा नटलाय. लोक थांबायला लागले. मागे राजू दह्याचा चमचा तोंडात धरून तळमळत होता. ताडीवाल्याची अशी बदनामी! सासुरवाडी कुठून काढली हिने? पण हळूहळू पुढे ती काय बोलते याकडे त्याचेच कान लागले, आणि आळशी बैलाला तर तो दह्याचा ठसका लागेपर्यंत हसला. मग मुकाट्याने खेळणी गुंडाळायला लागला.

"आधी झावळ्यांना कागद," ती मागे न बघता म्हणाली, "मग खोडाला. मोडाल नाहीतर."

संध्याकाळी त्याची वाचा परत आली. "मंगा, लाकूड कुठलं ते तू कुणालाच सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलंच नाही हो."

त्याने उरलेले कागद पेटीत भरले. मग म्हणाला, "उद्याही तूच उभी राहा पुढे. माझा घसा अजून धरलाय." घसा तसा ठीक होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलून बोलून मंगतायारूला कडकडून भूक लागली. दही पुन्हा लागलं नव्हतं. खरं तर तिने लावलंच नव्हतं. "दुकान बघा जरा," म्हणून ती निघाली. इतके हिवाळे या हाटात आली होती, पण खाण्याच्या गाळ्यांची ही रांग तिने कधी नीट पाहिली नव्हती. बिहारच्या गाळ्यात निखाऱ्यावर लिट्टीचे गोळे भाजत होते. काश्मीरवाला पितळी पातेल्याचं झाकण उघडत होता. ती दोनदा टोकापर्यंत जाऊन आली. शेवटी राजस्थानच्या गाळ्यावर थांबली. तिथल्या माणसाने बाटी मुठीत दाबून फोडली आणि वर पळीने तूप सोडलं, बाजूला गोड चुरमा वाढला, तशी ती खूश झाली.

तिथल्याच दगडी कट्ट्यावर, उन्हात, ताट मांडीवर घेऊन ती एकटीच जेवायला बसली. तूप मनगटापर्यंत ओघळलं. समोरून राजू हातवारे करत बोलवत होता. त्यांच्या गाळ्यापुढे पाचसहा माणसं जमली होती.

"आले, आले!" ती ओरडली, आणि वाढणाऱ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, चुरमा आणखी वाढा. आणि घाई नका करू."