नळीत राहिलेली एक गोळी

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. माझा चाप गंजला आहे, पण तोंड अजून चालतं. तेव्हा चुळबुळ न करता ऐका.

मी ज्या कारखान्यात तयार झाले, तिथल्या एका कामगार बाईने माझा लाकडी दस्ता तेल लावून इतका घासला की तिला त्यात स्वतःचं नाक दिसलं. माझ्या रूपाबद्दल मी उगाच विनय दाखवणार नाही. मी देखणी होते. ज्याच्या हाती मला दिलं, तो शिपाई पूर्वी सुतार होता. स्वतः जेवायच्या आधी तो मला पुसायचा. दोन वर्षं आम्ही बरोबर काढली. त्या वर्षांत माझ्याकडून जे झालं, ते मिरवण्यासारखं नाही.

मग एका सकाळी तो आणि त्याचे सोबती एका रिकाम्या शाळेत वेढले गेले. सुताराने माझ्यात गोळी भरली, पण झाडली नाही. मला फरशीवर ठेवलं आणि हात वर केले. अशी मी शत्रूच्या ताब्यात गेले.

या नव्या लोकांच्या बंदुका म्हणजे काठीला नळी बांधावी तशा. मला पाहून त्यांचे डोळे चमकले. त्यांच्यात एक रीत होती. शत्रूची चांगली बंदूक मिळाली की प्रत्येकाने ती हातात घेऊन फोटो काढायचा आणि घरी पाठवायचा. दुपारी वर्गातल्या खिडकीच्या उजेडात रांग लागली. पहिला नंबर स्वयंपाक्याने लावला.

"तू आजवर फक्त कांद्यावर वार केलेस," कोणीतरी म्हणालं.

"फोटोत कांदा दिसतोय का? मग गप बस."

आता नीट लक्ष द्या. त्यांच्या बंदुकीचं मॅगझीन, म्हणजे गोळ्यांचा खण, काढलं की चाप आपोआप अडकतो, गोळी सुटूच शकत नाही. माझंही मॅगझीन त्यांनी काढलं आणि मी रिकामी झाले असं समजून चालले. मला तसला अडसर नव्हता. सकाळची एक गोळी नळीत तशीच होती. चौघांनी मला खांद्यावर घेऊन फोटो काढले. चापाला कोणी हात लावला नाही, म्हणून निभावलं.

पाचवा आला तो नवरदेव. लग्नाला तीन महिने झाले होते, म्हणून हे टोपणनाव. फोटो काढणारा त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ.

"दाजी, हसू नका. लढाईचा फोटो आहे, लग्नाचा नाही."

"लग्नाच्या फोटोत तरी कुठे हसलो? शेजारी तू उभा होतास."

"बरं, माझ्यावर नेम धरा. चापावर बोट ठेवा. मी तीन म्हटलं की ओढा. ताईला वाटलं पाहिजे, नवरा काहीतरी करतो म्हणून."

माझी नळी थेट त्या भावाच्या छातीवर आली. अरे अकलेच्या कांद्यांनो, आधी माझं पोट तपासा, असं मी आतल्या आत ओरडत होते. पण बंदुकीला एकच भाषा येते आणि तीच मला तेव्हा नको होती.

भिंतीपाशी हात बांधून बसवलेला माझा सुतार उठून उभा राहिला. आपल्या भाषेत काहीतरी बोलला. कोणाला कळलं नाही. त्याने बांधलेले हात माझ्याकडे केले आणि एक बोट वर केलं. एक गोळी आहे, एक.

"त्यालाही एक फोटो हवाय," पहारेकरी म्हणाला. सगळे हसले. "बस खाली. तुझी सोयरीक नाही जमवायची आम्हाला."

"एक," भाऊ म्हणाला.

सुतार खाली बसला असता तर त्याचं काय बिघडलं असतं? शत्रूचा एक माणूस कमी झाला असता आणि दोष त्याच्यावर आला नसता.

"दोन."

सुतार धावला. बांधलेल्या मुठींनी त्याने माझी नळी खालून वर उडवली. नवरदेवाचं बोट चापावर दाबलं गेलं. कॅमेराही त्याच क्षणी वाजला. गोळी छतात घुसली आणि सगळ्यांच्या डोक्यावर चुना पडला.

पहारेकऱ्याने सुतारावर बंदूक रोखली. नवरदेव मला टाकून मध्ये उभा राहिला.

"बाजूला हो. हल्ला केला त्याने."

"हल्ला? चाप कोणाच्या बोटाने ओढला?" नवरदेव म्हणाला. "माझ्या."

भाऊ फरशीवर बसून स्वतःची छाती चाचपत होता. मग उठला, पाण्याची बाटली घेतली आणि सुताराच्या तोंडाला लावली. दुसऱ्या दिवशी कैद्यांना ट्रकमध्ये घालून नेलं. माझ्या सुताराचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

तो फोटो मात्र निघाला. त्यात सुताराचं तोंड वासलेलं आहे आणि तो नवरदेवाच्या अंगावर धावून गेलेला दिसतो. भावाने मागे पेन्सिलने लिहिलं, 'या माणसाने माझा जीव वाचवला.' पुढे फोटो आणि मी संग्रहालयात आलो. तिथल्या कोणा शहाण्याने मागचं न वाचता फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खाली छापलं, 'कैद्याचा जवानावर हल्ला.' रोज माणसं येतात, सुताराकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "डोळे बघ, किती खुनशी."

मित्रांनो, बंदूक रिकामी आहे असं कोणी सांगितलं तर कधी विश्वास ठेवू नका, आणि ती कोणावर गंमत म्हणूनही रोखू नका. आणि माझं एक काम करा. गोंद जुना झालाय, फोटोचा डावा कोपरा सुटू लागलाय. तुम्ही हात लावू नका, फाडून ठेवाल. मोठ्या माणसाला बोलवा. त्याला म्हणावं, सावकाश उचला, मागे वाचा, आणि मग खालची ती ओळ खोडा.