‘घुमारा’चा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, लांबून पाहिले तर मी तुम्हाला शिलाई मशीनची पेटी वाटेन. पण मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, तोही चकत्यांचा. माझ्या अंगावर दोन मोठ्या चकत्या बसतात. एकीवरची तपकिरी फीत दुसरीवर गुंडाळली जाते आणि जाता जाता तिच्यावर आवाज उमटतो. तीच फीत पुन्हा फिरवली, की तोच आवाज परत ऐकू येतो. हेच माझे आयुष्यभराचे काम.

माझा जन्म परदेशातला. पुण्यात आलो तो एका कार्यालयात. तिथे सभांची भाषणे माझ्यात भरली जात. ती पुन्हा ऐकायला मात्र कधी कोणी आले नाही. पुढे कार्यालयात नवी यंत्रे आली आणि मी जुन्या बाजारात ताडपत्रीवर येऊन पडलो. तिथून मला मैनुद्दीनभाईंनी उचलले. बिबवेवाडीत त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी माझा पट्टा बदलला, मोटरला तेल दिले आणि मला पुसून टेबलावर ठेवले. एखाद्या पाहुण्याला बसवावे तसे.

त्यांचा मित्र संपत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. एका संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला, “भाई, वरातीत लोक सिनेमाची गाणी मागतात. पण पाय खरे उचलतात ते आपल्या गावाकडच्या चालींवर. त्या कुठल्याच कॅसेटवर मिळत नाहीत.”

“मग आपण काढू,” मैनुद्दीनभाई म्हणाले.

अशी ‘घुमारा’ कॅसेट कंपनी सुरू झाली. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मागे कोणी मोठा माणूस नव्हता. दुकानाच्या भिंतींना गाद्या टांगल्या, पंखा बंद केला, की झाला स्टुडिओ. नियम एकच होता. ‘घुमारा’ची कॅसेट नाचण्यासाठी. फेर, झिम्मा, लेझीम, वरात, जे काही असेल त्यावर पाय हलला पाहिजे.

पहिली कॅसेट कोणाची करायची हे संपतने ठरवूनच ठेवले होते. वारज्याच्या मथुराबाई. शेतकऱ्याघरच्या विधवा बाई. वडिलांकडून ढोलकी शिकलेल्या. गौरीच्या वेळी त्यांनी ढोलकीवर हात टाकला, की आळीतल्या बायका फेर सोडून घरी जायला तयार नसत. त्या दुकानात आल्या, पदर खोचून खाली बसल्या आणि त्यांनी ढोलकीवर पहिली थाप दिली. आवाजाचा जोर दाखवणारा माझा काटा एकदम टोकाला जाऊन आपटला. इतकी भाषणे ऐकली होती मी, पण असा आवाज माझ्यात कधी शिरला नव्हता.

कॅसेट छापायला जायच्या आदल्या दिवशी मथुराबाईंचे थोरले दीर आप्पासाहेब दुकानात आले. गावातले जमीनदार माणूस. ते बसले नाहीत.

“आमच्या घरच्या बाईचं नाव पानाच्या टपरीवर टांगणार का आपण?” त्यांनी विचारले.

मैनुद्दीनभाईंना भांडण नको होते. ते म्हणाले, “आप्पासाहेब, नाव काढून टाकतो. नुसतं ‘फेराची ढोलकी’ लिहितो.”

मथुराबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “मैनूभाई, हात माझा हाय. नाव नसंल तर फीत पुसून टाका.”

आप्पासाहेब निघून गेले. कॅसेट नावासकट निघाली. त्यानंतर आप्पासाहेबांच्या घरच्या कार्याला मथुराबाईंना बोलावणे गेले नाही, ते कायमचेच. त्यांनी त्याबद्दल आमच्या दुकानात कधी तक्रार केली नाही. पण लग्नसराईत त्यांच्या हाताला जरा जास्तच जोर येई, एवढे मला काट्यावरून कळत असे.

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षे. वरातीत, शाळेच्या संमेलनात, गौरीच्या रात्री ‘घुमारा’ वाजे. प्रत्येक कॅसेटची मूळ फीत माझ्यावर भरलेली असे आणि प्रत्येकीवर वाजवणाऱ्याचे नाव असे. येरवड्याचा ताशेवाला, बिबवेवाडीची झांजपथके, सगळे माझ्यासमोर बसून गेले. बिलकिसभाभी, म्हणजे मैनुद्दीनभाईंच्या पत्नी, सगळ्यांना चहा द्यायच्या आणि “आधी कप खाली ठेवा, मग वाजवा,” असे बजावायच्या.

मग सीडी आल्या. कॅसेट कोणी मागेना. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीचा माणूस दुकानात आला. त्याला आमच्या साऱ्या फिती हव्या होत्या. त्यांवर नवे ठेके चढवायचे, नवी नावे द्यायची. वाजवणाऱ्यांची नावे मात्र राहणार नव्हती.

संपत म्हणाला, “भाई, देऊन टाकू. इथं सडतील. तिथं निदान थंड खोलीत राहतील.”

“नावाशिवाय नाही देणार,” मैनुद्दीनभाई म्हणाले.

“फीतच राहिली नाही, तर नाव कशाला चिकटवणार आहात?”

“मथुराबाईंना तू सांगशील का जाऊन?”

संपतने कप खाली ठेवला. “सांगितलं असतं,” तो म्हणाला आणि चप्पल घालून निघाला. तो पुन्हा आला नाही. कोण बरोबर होते, हे मी आजही सांगू शकत नाही. दोघांचेही माझ्या फितींवर प्रेम होते.

कंपनी बंद झाली. माझ्यावर चादर पडली. बिलकिसभाभी वारल्या. मैनुद्दीनभाईंना ऐकू येणे कमी कमी होत गेले. माळ्यावरच्या फितींना दमट हवा लागून बुरशी चढली. इतकी वर्षे मी एक शब्द बोललो नाही.

एके दिवशी दुपारी मथुराबाईंची नात हेमा दुकानात आली. ती मुलींना नाच शिकवते. मैनुद्दीनभाईंच्या कानाशी वाकून ती मोठ्याने म्हणाली, “चाचा, आजीला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. तिचं वाजवणं घरात कुणाकडेच नाही. तुमच्याकडे आहे का?”

फीत सापडली. पण ती इतकी जीर्ण झाली होती, की एकदाच चालेल, दुसऱ्यांदा नाही. आणि आवाज नीट लागला की नाही, हे ऐकायला मैनुद्दीनभाईंकडे कान उरले नव्हते. मग त्यांनी टोपी घातली आणि ते संपतच्या घरी गेले.

दोघे एकाच रिक्षातून परत आले. दारात मैनुद्दीनभाई म्हणाले, “तू म्हणाला होतास सडतील. सडल्या.”

“ते राहू दे,” संपत म्हणाला. “बारका पेचकस कुठाय?”

दोन म्हाताऱ्यांनी मला उघडले. हात मैनुद्दीनभाईंचे, कान संपतचे. संपत बोटाने खूण करायचा, मैनुद्दीनभाई पेच फिरवायचे. मथुराबाईंना खुर्चीतून आणून माझ्यासमोर बसवले. हेमाने आवाज टिपून घ्यायला फोन माझ्याजवळ धरला आणि फीत सुरू झाली.

ढोलकी वाजली, मित्रांनो. तशीच वाजली. मथुराबाईंनी डोळे मिटले. मैनुद्दीनभाई ऐकत नव्हते, ते माझ्या काट्याकडे पाहत होते. काटा नाचत होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

निम्म्यावर आवाज घोगरा झाला. फितीवरचा तपकिरी थर सुटून, तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या माझ्या हेडवर साचू लागला. मग नुसती खरखर. मैनुद्दीनभाईंनी मला थांबवले. स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसले, तर बोळा तपकिरी झाला. वाजवण्याचा उरलेला अर्धा भाग त्या कापसात होता. हेमा रडू लागली.

“रडतीस कशाला?” मथुराबाई जड जिभेने म्हणाल्या. “पुढचं मला ठावं हाय. बस हितं.”

त्या ढोलकीचे बोल तोंडाने सांगू लागल्या. हेमाजवळ ढोलकी नव्हती. तिने माझे लाकडी झाकण समोर ओढले आणि त्यावर हात टाकला. चुकली, की आजी थांबवायची. पुन्हा सांगायची. संपत मांडीवर ताल धरून बसला. मैनुद्दीनभाईंनी आपला तळवा थरथरणाऱ्या झाकणाच्या कडेवर ठेवला. बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, “लागतंय. हाताला लागतंय.”

मित्रांनो, तुमच्या घरी जुन्या फिती असतील, तर त्यांना कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून फिरवत राहा. मी यंत्र आहे, मी एवढेच मागणार. पण त्या दुपारी मला कळले, की मी कितीही जपले तरी माझ्याजवळ अर्धेच राहते. बाकीचे माणसांजवळ असते. ती माणसे अजून बोलताहेत, तोवर त्यांच्यासमोर जाऊन बसा.