ओढ्यापलीकडचा आहार

राजमतीने घागरीच्या तोंडाला दुहेरी फडके बांधले आणि विहिरीचे पाणी त्यावर बारीक धारेने ओतायला सुरुवात केली. चुलीवर भात रटरटत होता. सकाळपासून जैन गल्लीत घरोघर हेच चालले होते. अंगणे सारवून झाली होती, बायका न्हाऊन धुतल्या लुगड्यांत वावरत होत्या. दिगंबर मुनिमहाराज आज गावात येणार होते. ते कुणाच्या दारी थांबतील, कुणाच्या हातचा घास घेतील, हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून प्रत्येक चुलीवर काही ना काही शिजत होते.

तिचा दीर आण्णासाहेब दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कोरे, घडी न मोडलेले धोतर होते.

"वैनी, जरा वढ्याकडं यायला पायजे."

"आत्ता? भात उतरायचाय."

"फौजदारानं महाराजास्नी अडवलंय. अंगावर कापड असल्याबिगर गावात येऊ देणार न्हाय म्हनतोय. मारुतीरावानं अर्ज केलता, त्याच्यावर सायबाचा हुकूम आलाय."

राजमतीने हातातली कळशी खाली ठेवली. "मग मी येऊन काय करू?"

"बस्तीच्या देवळापतोर नुसतं कमरंला लावलं तरी भागतंय, म्हनला. आमचं कुनाचं ते आयकायचं न्हाईत. तुमी सांगून बघा."

"कापड लावल्यावर मुनीपन ऱ्हातंय व्हय, भावजी?"

"न्हाय ऱ्हात." आण्णासाहेब धोतराकडे बघत राहिला. "पर आपली मानसं काठ्या घिऊन गेल्यात. मारुतीरावाची बी आल्यात. रगात सांडंल, वैनी."

महाराज म्हणजे एके काळचा कलगोंडा, राजमतीचा नवरा. दीक्षेला घरच्यांची संमती लागते, म्हणून त्याने घर सोडले त्या वर्षी पंच येऊन सोप्यात बसले होते. 'तुझं काय म्हननं हाय?' असे त्यांनी तिला विचारले होते. ती मान खाली घालून उभी राहिली, आणि तिने होकार दिला असे ठरवून मंडळी उठून गेली. तेव्हापासून ती ना विधवा होती, ना धड सवाष्ण. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे की नाही, यापाशी गल्लीतल्या बायका दरवर्षी नव्याने अडखळत.

तिने भात उतरवला, निखारे मागे ओढले आणि आण्णासाहेबाच्या हातून धोतर घेतले.

ओढ्याच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख होता आणि पलीकडे संस्थान. हुकूम अलीकडचा होता. पाण्याच्या काठावर फौजदार आणि त्याचे शिपाई उभे होते. त्यांच्या एका अंगाला जैन गल्ली होती, दुसऱ्या अंगाला मारुतीराव आणि त्याची भावकी. आण्णासाहेबाच्या आज्याने दुष्काळात इथे येऊन माळ फोडला होता, विहीर पाडली होती, दगड वाहून बस्तीचे देऊळ बांधले होते. तीन पिढ्या झाल्या, एकमेकांच्या बांधाला बांध लागले, तरी भांडण निघाले की ही माणसे 'वरनं आलेली' होत.

"आमच्या बायका ह्याच वाटंनं पान्याला जात्यात," मारुतीराव फौजदाराला सांगत होता. "वरनं आलेल्या मानसांनी आपला धरम आपल्या मुलखात ठेवून यायचा."

"मग आमचा मुलूख कंचा, ते बी सांग की!" जैन गल्लीतून कुणीतरी ओरडले. काठ्या हलल्या.

फौजदाराने राजमतीला पुढे बोलावले. आवाज त्याने मुद्दाम हलका ठेवला होता.

"बाई, मलाही यात पाप घ्यायचं नाही. पण त्यांनी तसंच पाऊल टाकलं तर मला त्यांना धरावं लागेल. तुमचं माणूस आहे. तुमचं ऐकतील."

राजमती पाण्यात उतरली. घोट्याएवढे पाणी होते. पलीकडे बाभळीच्या विरळ सावलीत महाराज उभे होते. एका हातात मोरपिसांची पिंछी, दुसऱ्यात कमंडलू, नजर खाली. बरगड्या मोजाव्यात असे अंग झाले होते. डाव्या गुडघ्यावर नांगराचा फाळ लागल्याची खूण अजून होती. त्या जखमेवर तिने हळद भरली होती.

"नमोस्तु," ती म्हणाली.

आशीर्वादासाठी पिंछी थोडी वर झाली. कुणाहीसाठी झाली असती, तेवढीच.

साऱ्या गावाची नजर तिच्या पाठीवर होती. एक शब्द टाकायचा, बस. त्यांनी कापड घेतले तर सगळे टळणार होते. आणखीही काही होणार होते, ते मात्र तिला एकटीलाच दिसत होते. धोतर नेसलेल्या माणसाला घरी नेता येते. सोप्यात बसवता येते. इतकी वर्षे मनात दाबून ठेवलेले त्याला विचारता येते. तिची बोटे धोतराच्या घडीत रुतली. ती तशीच उभी राहिली. महाराजांच्या पापण्या हलल्या नाहीत.

मग ती वळली आणि पाणी ओलांडून परत आली.

"काय म्हनले?" आण्णासाहेबाने विचारले.

"मी सांगितलंच न्हाय."

"का?" फौजदार पुढे आला.

"मागं पंचांनी इचारलं तवा मी बोलले न्हाय," राजमती म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "आज बोलते. त्यांनी कापड घ्यायचं न्हाय."

कुणी काही बोलण्याआधीच पलीकडे हालचाल झाली. महाराज वळले होते. आलेल्या वाटेने, संस्थानच्या बाजूने, जमीन न्याहाळत ते सावकाश चालू लागले. मारुतीरावाच्या माणसांतून कुणीतरी हसले. पण त्याला साथ मिळाली नाही. जैन गल्लीतल्या काठ्या खाली आल्या. आता कुणासाठी उचलायच्या, हेच कळेनासे झाले होते.

परतीच्या वाटेवर तिची जाऊ चंदना डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "एवढा एक शब्द तुमच्या तोंडातनं निघंना झाला. दारात आलेला देव परत लावला तुमी."

राजमती पुढे चालत राहिली.

घरी भात झाकलेला होता. महाराजांनी काल दुपारनंतर पाणीसुद्धा घेतले नसणार, आणि दिवसातून एकदाच आहार, आजची वेळ टळली की मग उद्याच. तिने पुन्हा अंगावर पाणी घेतले. भात, डाळ आणि गाळून तापवलेले पाणी भांड्यांत भरून झाकले आणि ती बाहेर पडली. कोपऱ्यावर आण्णासाहेब उभा होता. त्याने पाण्याची कळशी तिच्या हातून घेतली.

ओढ्यापलीकडची वाट टेकाडाला वळसा घालून जात होती. बांधाबांधाने गेले की महाराजांच्या पुढे निघता येई. तिथे मारुतीरावाच्या तंबाखूचे रान होते. खोपीच्या तोंडाशी त्याची म्हातारी आई मनुबाई राखण करीत बसली होती.

"कोन गं? राजमती? हिकडं कुठं?"

"मनुआक्का, खोपीम्होरं घटकाभर जागा पायजे. महाराजास्नी घास द्यायचाय."

म्हातारीने वाटेकडे पाहिले. "माझ्याच ल्योकानं अर्ज केलता न्हवं?"

मनुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने आतली केरसुणी राजमतीसमोर टाकली.

"झाडून घे. पानाचा चुरा लई पडलाय."

मग ती आत गेली आणि डोईवरचा पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून बसली.

टेकाडाआडून महाराज आले. राजमतीने हात जोडले. "नमोस्तु, नमोस्तु. अत्र, अत्र. तिष्ठ, तिष्ठ." ते थांबले. तिने प्रदक्षिणा घातली, आण्णासाहेबाने त्यांचे पाय धुतले. आता आपले मन, वचन, काया शुद्ध असल्याचे तिला सांगायचे होते, त्याशिवाय ते घास घेणार नव्हते.

"मन..." ती म्हणाली आणि तिथेच अडली.

महाराज वाट पाहत उभे राहिले. ऊन खोपीच्या कुडावर आले होते. आण्णासाहेब जमिनीकडे बघत होता.

"मनशुद्धी," ती म्हणाली. "वचनशुद्धी. कायशुद्धी. आहारजल शुद्ध."

त्यांनी ओंजळ पुढे केली. आहार चालू असताना रडण्याचा आवाज कानी पडला तर मुनी हात मागे घेतात आणि उपाशी निघून जातात, हे तिला माहीत होते. तिने पहिला घास ओंजळीत ठेवला. ओंजळ स्थिर होती; तिच्याच हातून चार शिते खाली सांडली. मग दुसरा घास. ओठ दाताखाली धरून ती वाढत राहिली. शेवटी तिने पाणी घातले, ते प्याले, आणि ओंजळ सुटली.

पिंछी उचलून महाराज वाटेला लागले. आण्णासाहेब थोडे अंतर ठेवून त्यांच्या मागे गेला. वळणावर महाराज दिसेनासे झाले. त्यांनी मागे पाहिले नाही.

"गेला?" खोपीतून म्हातारीने विचारले.

"गेले."

"मग आता रड की, बाई."

राजमती खाली बसली आणि मातीत पडलेली शिते एकेक करून वेचू लागली.