नवऱ्याचा वेग

"हा कोण इतका मागे पडतोय?" साहेबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

तिने कामगाराचा नंबर बघितला. नंबर तिच्याच नवऱ्याचा होता.

कंपनीची दुकानं गावोगाव पसरली होती, पण सगळा कारभार चालायचा तो या गार खोलीतल्या, फ्रिजएवढ्या कॉम्प्युटरवर. दुकानांच्या मागण्या, गोदामातला माल, पगार, सगळं त्यात. ती तिथली ऑपरेटर. हल्ली गोदामातला कोणता माणूस किती वेळात किती खोकी उचलतो, तेही त्यात दिसू लागलं होतं. नवरा दिवसेंदिवस घसरत चाललेला ती बघत होती.

घरी मात्र त्याचा थाट वेगळा. "आज नुसता धडाका लावला बघ!" बूट काढता काढता तो म्हणायचा आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा.

एकदा तिने विचारलंच. "अहो, हात दुखतोय का? डॉक्टरांना दाखवू या."

"काहीतरीच तुझं! म्हातारा झालो की काय मी?"

तिने विषय सोडला. आपण रोज त्याचे आकडे बघतो, हे सांगायला तिची जीभ रेटेना.

शेवटी ती साहेबांकडे गेली. "त्यांना बसून करायचं काहीतरी काम द्या. उभा जन्म इथे गेलाय त्यांचा."

"बाई, माझ्या हातात काय आहे? कामावरून कमी करायच्या यादीत कॉम्प्युटरनेच त्यांचं नाव टाकलंय. संध्याकाळपर्यंत नंबर बंद करा. उद्या बोलावून त्यांना सांगू."

"मीच करू?"

"मग दुसरं कोण आहे?"

तिने केला. घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण तो दारातच हसत उभा होता. "चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

सकाळी दोघं नेहमीसारखी गेटवर आली. ती आत गेली. त्याने कार्ड लावलं. दांडा हलला नाही. कार्ड शर्टाला पुसून त्याने पुन्हा लावलं. मागे रांग खोळंबली.

"काका, आटपा की!" कुणीतरी ओरडलं.

"अगं, तुमचा कॉम्प्युटर झोपलाय वाटतं," तो ओशाळं हसला.

"हो," ती म्हणाली आणि परत बाहेर आली. "चला, घरी जाऊ."

"थांब गं, होईल सुरू."

मागच्यांना हातानेच वाट देत तो बाजूला झाला, आणि कार्ड पुन्हा पुसू लागला.