तिसऱ्या पानावरचा थांबा

तिसऱ्या पानावर, चौथ्या ओळीत सगळे थांबत. सगळे म्हणजे बाबांचे शिष्य. त्या स्पॅनिश संगीतकाराची गिटाररचना तिथवर धावत यायची आणि उंच सुराच्या अगदी तोंडाशी क्षणभर गप्प व्हायची. बाबांच्या जुन्या प्रतीत तिथे पेन्सिलीने कमान काढून आत टिंब दिलं होतं, थांब्याची खूण म्हणून. एका शिष्याने तिथे डोळे मिटायची टूम काढली, मग बाकीचेही मिटू लागले. कुणी कारण विचारलं तर बाबा म्हणत, "तिथे श्वास आहे."

आता त्या रचनेची नवी आवृत्ती निघत होती आणि संपादन बाबांच्या मुलीकडे आलं होतं. शनिवारच्या कार्यक्रमात तीच ती वाजवणार होती, आणि पहिल्या रांगेत बाबा बसणार होते. संगीतकाराच्या घरून त्याच्या हस्ताक्षरातल्या पानांच्या प्रती आल्या. तिने भिंग लावून पाहिलं. थांबा नव्हताच. उलट त्याने बजावून लिहिलं होतं : न थांबता पुढे.

तिने गिटार मांडीवर घेतली. डाव्या हाताची चारही बोटं वापरली तर उंच सूर सहज लागत होता. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने करंगळी आखडून धरली आणि तीच ओळ तीन बोटांनी वाजवली. उरलेल्या बोटांना वर पोचायला वेळ लागला. बरोब्बर बाबांच्या श्वासाएवढा.

बाबांची करंगळी तरुणपणी दारात चेमटली होती. ते बोट वाकत नाही हे तिला कळत्या वयापासून माहीत होतं; कप धरताना ते ताठ राही, आणि लहानपणी ती त्याला हसायची. तीस वर्षं इतकी माणसं एका अधू बोटाची नक्कल करत होती, आणि बाबांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

तिने छापायच्या प्रतीत थांबा तसाच ठेवला. संगीतकार काही भांडायला येणार नव्हता. बाबा रोज समोर जेवायला बसत होते.

दोन दिवसांनी बाबांनी प्रुफं मागून घेतली. तिसऱ्या पानाशी येताच त्यांनी चष्मा काढला.

"हे कुणी घातलं?"

"तुम्हीच. तुमच्या प्रतीतलं आहे."

"मी पेन्सिलीने लिहिलं होतं. शाईने लिहायचं असतं तर घरात पेन नव्हतं का?"

तिची नजर त्यांच्या करंगळीकडे गेली.

"कळलंय तुला," बाबा म्हणाले.

"हो. मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"आधी लाज वाटली. नंतर लोकांना आवडायला लागलं." त्यांनी गिटारकडे मान हलवली. "वाजव."

तिने वाजवलं. चौथ्या ओळीत हात आपोआप थांबला. तिला थांबायचं नव्हतं.

"करंगळी माझी गेली," बाबा म्हणाले, "तुझं काय अडलंय?"

दुसऱ्या खेपेला ती थांबली नाही. उंच सूर वेळेवर आला आणि ओळ पुढे निघून गेली. बाबांची डावी बोटं टेबलावर तिच्याबरोबर चालली होती. एक तेवढं ताठ होतं.

"असं आहे होय ते," ते म्हणाले. "मी कधी ऐकलंच नव्हतं. परत वाजव."